कुंपणाच्या भिंतीला विटा किती? माझा अनुभव

गावच्या घराला कुंपण घालायचं होतं. 60 फूट लांब, 5 फूट उंच, 9 इंच जाड. ठेकेदाराने 3600 विटा लिहून दिल्या. आकडा मला जास्त वाटला, म्हणून स्वतः टेप घेतला.

त्याची चूक दोन ठिकाणी होती. एक, फाटकाचे 10 फूट वजाच केले नव्हते. दुसरी मोठी. त्याने 9×4×3 इंचाच्या कोरड्या विटेने भागलं होतं, म्हणजे घनफुटाला 16 विटा. मग विटांमधला सिमेंट-वाळूचा मसाला बसणार कुठे?

गवंड्याला म्हटलं, "मामा, आधी दोन थर लावून दाखवा." वीट 3 इंच, पण थर साडेतीन इंचाला भरत होता. अर्धा इंच मसाल्याचा. उभ्या सांध्यालाही तेवढाच. म्हणजे हिशेबात वीट साडेनऊ × साडेचार × साडेतीन धरायची, घनफुटाला साधारण साडेअकरा.

50 × 5 × 0.75 = 187.5 घनफूट, म्हणजे सुमारे 2160 विटा. तुटफूट 5 टक्के धरून 2270 मागवल्या. मसाला 1:6 चा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू. त्याला 8 गोणी सिमेंट आणि जेमतेम 0.6 ब्रास वाळू (ब्रास म्हणजे 100 घनफूट). गिलाव्याचं सामान वेगळं.

भट्टीगणिक विटेचं माप बदलतं, त्यामुळे माझा साडेअकराचा आकडा तसाच उचलू नका. आपल्या दहा विटा ओळीने मांडा, टेप लावा, सरासरी काढा. पायाचं माप यात धरलेलं नाही.

काम संपलं तेव्हा साठेक विटा उरल्या. त्या तुळशीकट्ट्याला लावल्या.