काल चालू होतं, आज लॉगिन नाही: टॉमकॅटला डेटाबेस जोडताना या चुका टाळा

१ ऑगस्टची पहाट. मासेमारी बंदी आदल्या रात्री संपलेली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मच्छीमार संस्थेच्या कार्यालयासमोर डिझेल आणि बर्फाच्या पावतीसाठी तांडेल येऊन उभे. साडेपाचला फोन आला, "दादा, कोणाचंच लॉगिन होत नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतंय. बोटी धक्क्याला खोळंबल्यात."

संस्थेचं ॲप्लिकेशन टॉमकॅटवर, म्हणजे जावातली वेब ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या सर्व्हरवर चालतं आणि त्याची माहिती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असते. दोन महिन्यांत सर्व्हरला कोणी हात लावला नव्हता. आदल्या संध्याकाळी वादळी पावसात लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली, मशीन बंद पडलं आणि लाईट आल्यावर आपोआप सुरू झालं, इतकंच. मी घरून त्या मशीनमध्ये शिरलो आणि ॲप्लिकेशन जे नाव-पासवर्ड वापरतं तेच टर्मिनलवर टाकून मायएसक्यूएलमध्ये लॉगिन केलं. सहज झालं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "झालं दादा, आत गेलं!"

मी काहीच बदललं नव्हतं. बोटी सुटल्या, पण नुसत्या तपासण्याने जो बिघाड जातो तो परत येणार हे नक्की. म्हणून त्या दिवशी मी लॉग उघडून बसलो.

पडद्यावरच्या "पासवर्ड चुकीचा" वर विश्वास ठेवणं

इथे कुलपं दोन असतात. एक, माणसाचं ॲप्लिकेशनमध्ये लॉगिन. दुसरं, टॉमकॅटचं स्वतःचं डेटाबेसमध्ये लॉगिन. डेटासोर्स रेल्म (नाव-पासवर्ड डेटाबेसमधून तपासणारा टॉमकॅटचा भाग) वापरत असाल, तर दुसरं कुलूप अडलं तरी माणसाला पहिलंच अडल्यासारखं दिसतं. रेल्मला डेटाबेसपर्यंत पोचता आलं नाही, तर तो लॉगमध्ये तक्रार लिहितो आणि वापरणाऱ्याला सरळ नाकारतो. मग कार्यालयात सगळे आपापले पासवर्ड बदलत बसतात. तसं करू नका. आधी कॅटलिनाचा, म्हणजे टॉमकॅटचा मुख्य लॉग उघडा आणि लांबलचक एररमधली सर्वांत शेवटची "कॉज्ड बाय" ची ओळ वाचा. बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आमच्या लॉगमध्ये ओळ होती: "पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड".

नेटवरून उचललेली यूआरएल

मायएसक्यूएल ८.० पासून नव्या यूजरला आपोआप "कॅशिंग शा-टू" ही पद्धत लागते. तिचा नियम असा: पहिल्यांदा लॉगिन करताना पासवर्ड सुरक्षित वाटेनेच यायला हवा. म्हणजे टीएलएसवरून (सांकेतिक केलेल्या जोडणीवरून), त्याच मशीनवरच्या सॉकेटमधून (नेटवर्कशिवायच्या आतल्या जोडणीतून), किंवा सर्व्हरच्या पब्लिक कीने बंद करून. एकदा तसं झालं की सर्व्हर त्या यूजरची खूण मेमरीत ठेवतो आणि पुढची लॉगिन झटपट होतात, साध्या जोडणीवरूनही.

आमच्या जेडीबीसी यूआरएलमध्ये, म्हणजे जावाला डेटाबेसचा पत्ता सांगणाऱ्या ओळीत, "यूज एसएसएल" फॉल्स केलेलं होतं, म्हणजे टीएलएस बंद. कधीकाळी एक वॉर्निंग घालवायला कुठूनतरी उचललेली ती ओळ. त्यामुळे ॲप्लिकेशनकडे स्वतःची सुरक्षित वाट नव्हतीच. कधीतरी मी टर्मिनलवरून लॉगिन केलं होतं, त्या खुणेवर ते इतके दिवस चाललं. लाईट गेली, मेमरी पुसली, खूणही गेली. त्या पहाटे मी पुन्हा टर्मिनलवरून शिरलो आणि नकळत ती परत उमटवली.

यावर सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे पब्लिक की मागायची परवानगी यूआरएलमध्ये ट्रू करा. एरर जाते, पण डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर मी ते करणार नाही. मध्येच कोणी खोटी की पुढे केली, तर पासवर्ड त्याच्या हाती जातो. "यूज एसएसएल" ची ती फॉल्सची जोडी काढून टाकणं हा सरळ उपाय आहे. मायएसक्यूएल ८ स्वतःचं सर्टिफिकेट तयार ठेवतो आणि आजचा ड्रायव्हर (जावाला मायएसक्यूएलशी जोडणारा भाग) शक्य असेल तर टीएलएसच वापरतो.

दुरुस्ती खरी झाली का हे पाहायला पुढच्या वादळाची वाट पाहू नका. मायएसक्यूएलमध्ये "फ्लश प्रिव्हिलेजेस" चालवा. त्याने मेमरीतल्या खुणा पुसल्या जातात. मग टर्मिनलवरून त्या यूजरने न शिरता टॉमकॅट रिस्टार्ट करा. आता लॉगिन झालं, तरच काम झालं.

"ॲक्सेस डिनाइड" अर्धवट वाचणं

या ओळीत कोणता यूजर, कोणत्या होस्टवरून आला आणि पासवर्ड दिला होता का, हे तिन्ही लिहिलेलं असतं. शेवटी "यूझिंग पासवर्ड: नो" असेल, तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पोचलेलाच नाही. रिसोर्सच्या नोंदीत (टॉमकॅटला डेटाबेसचा पत्ता, नाव आणि पासवर्ड सांगणाऱ्या नोंदीत) ॲट्रिब्यूटचं नाव चुकलंय का ते बघा. "येस" असेल तर होस्ट बघा. मायएसक्यूएलसाठी एकच नाव दोन वेगळ्या होस्टसह म्हणजे दोन वेगळी खाती. लिनक्सवर टर्मिनलमध्ये लोकलहोस्ट म्हटलं की जोडणी सॉकेटने होते, जावा मात्र टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने येतं. सर्व्हरवर "स्किप नेम रिझॉल्व्ह" (पत्त्यावरून होस्टचं नाव न शोधण्याची सेटिंग) चालू असेल, तर टीसीपीने आलेला १२७.०.०.१ हा लोकलहोस्ट धरला जात नाही. टर्मिनलवर चालतं आणि टॉमकॅटमध्ये नाही, याचं हे एक नेहमीचं कारण.

चुकीची फाइल दुरुस्त करत बसणं

वॉर फाइलमधली (ॲप्लिकेशनच्या गठ्ठ्यातली) कॉन्टेक्स्टची, म्हणजे त्या ॲप्लिकेशनच्या सेटिंगची फाइल तुम्ही दहा वेळा बदलाल, पण कॉन्फ फोल्डरात कॅटलिना, त्यात लोकलहोस्ट, आणि त्यात ॲप्लिकेशनच्या नावाची एक्सएमएल असेल, तर टॉमकॅट तीच मानतो. मी यात एक अख्खी दुपार घालवली आहे. रिसोर्स अशा कॉन्टेक्स्टच्या फाइलमध्ये असेल आणि रेल्मही तिथेच, तर रेल्मवर "लोकल डेटासोर्स" ट्रू करायलाच हवं. मुळात ते फॉल्स असतं आणि मग रेल्म ते नाव सर्व्हरच्या जागतिक यादीत शोधत राहतो.

पासवर्डात किंवा यूआरएलमध्ये & असेल, तर एक्सएमएलमध्ये तो तसाच चालत नाही. त्याच्या पुढे ए, एम, पी ही छोटी अक्षरं आणि सेमिकोलन लागतो.

पासवर्ड बदलून निघून जाणं

पूलमधल्या (टॉमकॅटने डेटाबेसशी आधीच उघडून ठेवलेल्या) जोडण्या जुन्याच पासवर्डवर चालू राहतात. शुक्रवारी बदललेला पासवर्ड सोमवारी नवी जोडणी उघडताना आडवा येतो आणि तोवर शुक्रवार कोणाच्या लक्षात नसतो. डेटाबेसमध्ये बदललात की लगेच कॉन्फिगरेशनमध्ये बदला आणि टॉमकॅट रिस्टार्ट करून समोर लॉगिन करून बघा.

दुसरं कुलूप नीट, पहिलं अडलेलं

लॉगिन होऊन ४०३ (परवानगी नाही) आलं, तर पासवर्ड सोडा, रोल, म्हणजे त्या माणसाला दिलेले अधिकार तपासा. पासवर्डऐवजी त्याचा हॅश (त्यावरून काढलेली, उलट न फिरवता येणारी खूण) साठवत असाल तर कॉलमची लांबी बघा. टॉमकॅटच्या माहितीपत्रकातल्या नमुन्यात पासवर्डचा कॉलम १५ अक्षरांचा आहे. शा-२५६ चा नुसता हॅशच ६४ अक्षरांचा होतो, सॉल्ट (हॅश काढताना मिसळलेली यादृच्छिक अक्षरं) धरलं तर त्याहून बराच मोठा.

रेल्म लॉकआउट रेल्मच्या (वारंवार चुकल्यास नाव काही काळ बंद करणाऱ्या रेल्मच्या) आत असेल, तर पाच चुकांनंतर ते नाव ३०० सेकंद बंद होतं. त्या काळात बरोबर पासवर्डही नाकारला जातो आणि आणखी एक चूक झाली की ३०० सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. समोर तांडेल उभे असताना कार्यालयातल्या ताईंना हे फोनवर सांगणं कठीण जातं. तरी सांगावं लागतं: ताई, पाच मिनिटं कीबोर्डला हात लावू नका, तोवर पावत्या हाताने लिहून द्या.