या चुका टाळा: उंदराच्या ॲड्रिनलमधली पेशीवाढ आणि लिंगसंप्रेरकं

पहिली चूक तर मुळातच होते: नर आणि मादी एकाच गटात घेतले जातात. उंदराच्या मादीत ॲड्रिनलचं (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं) बाह्यक, म्हणजे बाहेरचा भाग, साधारण ३ महिन्यांत पूर्ण नवं होतं, नरात त्याच्या तिप्पट वेळ लागतो. मादीत ग्रंथीच्या वेष्टनातल्या मूलपेशीही नव्या पेशी पुरवतात. नरात पुरुषसंप्रेरकं हा पुरवठा रोखून धरतात, आणि वृषणं काढली की तो सुरू होतो. हे २०१९ साली प्रसिद्ध झालेलं काम आहे, तरी अजून सरासरी काढणारे भेटतात. कृपा करून दोन्ही गट वेगळे ठेवा.

ग्रंथीच्या वजनावर भरवसा ठेवू नका. बाह्यकाच्या आतल्या टोकाला उंदरात ‘एक्स झोन’ नावाचा थर असतो. नरात तो वयात येताना विरतो, मादीत पहिल्या गर्भारपणात. म्हणजे पेशीविभाजनाचा वेग तोच राहूनही वजन बदलू शकतं. काप घ्या, विभाजन होत असलेल्या पेशी दाखवणाऱ्या केआय-६७ने रंगवा आणि प्रत्येक थरातल्या पेशी वेगळ्या मोजा.

सगळ्यात फसवी चूक वृषणं किंवा अंडाशय काढण्याच्या प्रयोगात होते. ‘संप्रेरक गेलं, म्हणून पेशी वाढल्या’ असा निष्कर्ष लगेच लिहिला जातो. पण जननग्रंथी काढल्यावर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवरचा लगाम सुटतो आणि रक्तात एलएच (जननग्रंथींना चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक) चढतं. डीबीए/२जे जातीच्या उंदरांत त्यानंतर वेष्टनाखाली जननग्रंथीसारख्या पेशी वाढू लागतात. फेरेट या पाळीव मांसाहारी प्राण्यातही जननग्रंथी काढल्यावर ॲड्रिनलच्या गाठी होतात, केस गळतात. त्यावर पशुवैद्य एलएच खाली आणणारं डेस्लोरेलिन हे औषध त्वचेखाली बसवतात. तेव्हा टेस्टोस्टेरॉन परत दिल्यावर वाढ थांबली, तर ती त्याच्या थेट परिणामाने की एलएच उतरल्याने, हे आधी तपासा. एलएच दाबलेला एक गट हवाच. शिवाय टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेन (स्त्रीसंप्रेरक) होतं. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या पुरुषसंप्रेरकाचं होत नाही, म्हणून तेही वापरून बघा.

उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नका. एक्स झोन माणसात नसतो, आणि सोनेरी हॅमस्टरमध्ये तर नराचीच ॲड्रिनल मोठी असते. माणसाच्या रक्ततपासणीतही एक खड्डा आहे. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीचं एकूण कॉर्टिसॉल (ॲड्रिनलचं एक संप्रेरक) जास्त येतं, कारण इस्ट्रोजेनमुळे यकृत कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन जास्त बनवतं. त्या आकड्यावरून ग्रंथी वाढली असं समजू नका. मुक्त, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं, कॉर्टिसॉल बघा.