येझदीचा फुटरेस्ट मागे घ्यायचाय? आधी डावा पाय बघा

जुन्या येझदी मोटारसायकलचं हँडल खाली घेतलं की महिन्याभरात कंबर बोलायला लागते. मग कुणीतरी भेटतो आणि सांगतो, "फुटरेस्ट तीन इंच मागे घे की, सगळं बरोबर होतंय." हा तीन इंचांचा सल्ला मी बेळगावच्या खडेबाजारातल्या चहाच्या टपरीपासून उद्यमबागेतल्या लेथपर्यंत सगळीकडे ऐकलाय. आकडा कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या एखाद्या गाडीला तो चालतही असेल. येझदी क्लासिकला आणि तिच्या आधीच्या जावाला चालत नाही. आजवर सात येझदी आणि दोन जावांचे फुटरेस्ट मी मागे घेतले आहेत, आणि त्यातला पहिला पूर्ण चुकवला होता. तेव्हा हे नीट वाचा.

आधी कायद्याचं, दोन ओळींत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलंय. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण तीही गाडी मूळ रूपात असेल तरच. म्हणून माझा नियम एकच आहे: चेसीला कटर लावायचा नाही, चेसीवर वेल्डिंग करायचं नाही, एकही नवीन भोक पाडायचं नाही. जे करायचं ते बोल्टवर, एका दुपारी परत काढता येईल असं. आणि फुटरेस्टचा मूळ दांडा घासूनपुसून, तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. म्हैसूरच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडणं १९९६ साली थांबलं. मूळ भाग एकदा कापला की तो गेलाच.

सामान फार लागत नाही. ४० बाय १० मिमीची एमएस (साधं पोलाद) पट्टी, साधारण साडेचार इंचांचे दोन तुकडे. दोन्ही मिळून एक किलोसुद्धा भरत नाहीत, त्यामुळे अखंड पट्टी विकत घेऊ नका. उद्यमबागेत किंवा मच्छेला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे असे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, वजनावर मिळतात. ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे), जाड वॉशर. भंगारातून एक जुना फुटरेस्टचा दांडा, म्हणजे मूळ दांड्याला हात लागत नाही. माझ्या शेवटच्या गाडीचा खर्च दांडा, पट्टी, ड्रिलिंग आणि बोल्ट मिळून साडेसहाशे रुपये आला. पट्टी ८ एमएमची घेऊन वीस-तीस रुपये वाचवू नका. १० एमएमचा ताठपणा ८ च्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि खड्ड्यात उभं राहिल्यावर सगळं वजन या पट्टीवर येतं.

आता मुख्य गोष्ट. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जाईल.

येझदीची डावी दांडी एकटी दोन कामं करते. पुढे असते तेव्हा ती गिअर. आत दाबून वर उचलली आणि मागे घेतली की तीच किक. शिवाय गिअरसाठी ती दाबली की त्या दाबानेच आधी क्लच सुटतो आणि मग गिअर पडतो. हातातला क्लच न दाबता गिअर बदलता येतो तो यामुळे. म्हणजे तुमचा डावा पाय गिअर टाकतो, क्लच सोडतो आणि गाडी चालूही करतो. फुटरेस्ट हलवला की या तिन्ही कामांचा हिशेब हलतो.

पहिल्या गाडीला मी तो प्रसिद्ध तीन इंचांचा सल्ला मानला. पाय मागे गेल्यावर बोटं दांडीपर्यंत पोचेनात. एका मेस्त्रींनी सुचवलं म्हणून दांडी कापली आणि रबराचं टोक मागे घेऊन परत जोडलं. सहा इंचांची दांडी चार इंचांची झाली. दिसायला एकदम झकास! पण दांडी दोन तृतीयांश झाली की जोर दीडपट लागतो, हा साधा तरफेचा हिशेब मी केलाच नव्हता. बोटांनी तेवढा जोर पूर्णपणे लागत नाही, मग दांडी अर्धवट दबते, क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर खरडत पडतो. शहरात ते जाणवलं नाही. जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या बाजूला पावसात चढावर गाडी दोन गिअरांच्या मध्ये अडकली, मागून मालट्रक, आणि उतरून गाडी ढकलत कडेला घ्यावी लागली. नंतर गिअरबॉक्स उघडला तेव्हा दातांच्या कडा गोल झालेल्या होत्या. त्या दुरुस्तीत तेव्हाचा माझा महिन्याचा पगार गेला.

किकचं दुखणं वेगळंच. दांडी आखूड झाली तशी किकही जड झाली, आणि मागे सरकलेला फुटरेस्ट बरोबर किकच्या वाटेत येऊन बसला. एका सकाळी जोरात किक मारली आणि माझा घोटा दांडी आणि फुटरेस्टच्या मध्ये सापडला. दोन आठवडे चप्पलसुद्धा घालता येत नव्हती.

त्यामुळे माझं मत पक्कं आहे: या गाडीची डावी दांडी कापायची नाही, वाकवायची नाही, तिला जोडदांड्या लावायच्या नाहीत. जोडदांडीच्या प्रत्येक सांध्यात थोडा खेळ असतो, आणि तो खेळ थेट क्लचमधून वजा होतो. वर किक मारायला ती दरवेळी सोडवावी लागणार ते वेगळंच. दांडी आहे तशी ठेवा आणि ती जिथे पोचू देते तिथेच फुटरेस्ट न्या. किती मागे जायचं हे कंबर ठरवत नाही, दिसणं ठरवत नाही. डाव्या पायाची बोटं ठरवतात.

ते मोजायचं असं. आधी क्लच नीट सेट करून घ्या, नाहीतर त्याची चूक फुटरेस्टच्या माथी माराल. गाडी सेंटर स्टँडवर, सपाट फरशीवर. रोज घालता तेच बूट पायात. डाव्या फुटरेस्टच्या मागे, त्याच उंचीला लाकडाचे ठोकळे रचा आणि पायाचा खड्डा, म्हणजे टाच आणि चवडा यांच्यामधला भाग, त्यावर टेकवा. आता ठोकळा दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, मागे सरकवत जा. प्रत्येक वेळी एका हाताने मागचं चाक फिरवत चारही गिअर वर-खाली टाका. पाय ठोकळ्यावरून न उचलता, फक्त घोट्यातून, दांडी वरही पूर्ण गेली पाहिजे आणि खालीही पूर्ण दबली पाहिजे. ज्या क्षणी गुडघा उचलावासा वाटला, तिथून दोन सूत पुढे या. तीच तुमची जागा. माझ्या आठ नंबरच्या बुटाला ती पावणेदोन इंचांवर, म्हणजे ४५ मिमीच्या आसपास येते. पाय लांब असेल तर दोन इंच, त्याच्या पलीकडे कुणाचाही पाय नीट पोचलेला मी पाहिला नाही. पावणेदोन इंच ऐकायला कमी वाटतात, मलाही वाटायचे. बसून बघा, गुडघ्याचा कोन बदलतो आणि पाठीचा ताण तिथेच सुटतो.

बोटं अगदी थोडक्यात हुकत असतील तर दांडीचा बोल्ट सैल करून ती शाफ्टवर एक दाता वर किंवा खाली बसवता येते. एकच दाता. शाफ्ट एकच असल्यामुळे किकची सुरुवातही तेवढीच सरकते, दोन दाते केले तर किकची चाल पुरत नाही.

मग ठोकळा त्याच जागी ठेवून हाताने, हळू, पूर्ण किक फिरवा. अगदी शेवटपर्यंत. दांडीच्या रबराच्या आणि ठोकळ्याच्या मध्ये तुमचं पाऊल बुटासकट मोकळं जायला हवं. दांडी जाते एवढं पुरेसं नाही, तिच्यावर पाय असतो हे विसरू नका. पाऊल अडकत असेल तर फुटरेस्ट पुढे घ्या, मग कंबरेला काय वाटायचं ते वाटो.

ही जागा ठरली की अर्धं काम झालं. पुठ्ठ्यावर नमुना कापा: पुढची भोकं चेसीच्या मूळ भोकांवर, मागची दांड्यासाठी, मध्ये तुमचे पावणेदोन इंच. चेसीला जितके बोल्ट होते तितके सगळे पट्टीला लावा, एकाच बोल्टवर धरलेली पट्टी पायाच्या वजनाने फिरते. दोन्ही पट्ट्या एकत्र शिकंज्यात धरून एकदमच ड्रिल करून घ्या, म्हणजे डावं-उजवं सारखं येतं. पंच मारून, आधी बारीक बिट, मग मोठा. माझ्या ओळखीचे टर्नर कानडी आहेत, बिट पलीकडे गेला की "साकु", म्हणजे पुरे, म्हणून मशीन लगेच थांबवतात. हाताने ड्रिल धरणाऱ्याकडे हे काम देऊ नका. कडा कानशीने मारा, रेड ऑक्साइड लावा, त्यावर काळा रंग. पट्ट्या चेसीला, दांडा पट्ट्यांना, मागून गुण्या लावून दांडा चाकाला काटकोनात आहे ना ते बघा, आणि आवळा.

आता सेंटर स्टँड पूर्ण वर-खाली करून बघा. कुठे घासत असेल तर जाड वॉशरने भागतं. सायलेन्सर या गाडीला दोन्ही बाजूंना आहेत, तेव्हा बूट त्यांना लागत नाहीत ना ते दोन्हीकडे बघायचं. पट्टीच्या जाडीने दांडा एक सेंटिमीटर खाली येतो. मागे कुणालातरी बसवून गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून एकदा हळू नेऊन तो घासत नाही ना ते बघा.

उजवी बाजू राहिली. ब्रेकच्या पॅडलचा पिव्हट हलवायचा नाही. तो जागेवर राहिला की रॉडची लांबी आणि मागच्या चाकाच्या वर-खाली होण्याशी त्याचं जमलेलं गणित तसंच राहतं. पॅडलच्या मूळ पॅडवर मागे येणारी एक छोटी पट्टी दोन बोल्टने बसवा, तेवढी पुरते. पण तरफ इथेही आखूड झाली, म्हणजे ब्रेकला जोर जास्त लागणार. तो थोडा भरून काढायला मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रमवरचा आर्म (रॉड ओढतो ती छोटी पट्टी) बघा: ब्रेक पूर्ण लागतो तेव्हा आर्म आणि रॉडमध्ये काटकोन असावा, कारण तिथेच ओढ सगळ्यात जास्त कामी येते. नसेल तर आर्म एक दाता फिरवा. ब्रेक शू झिजलेले असतील तर आजच बदला, नंतर नको. पॅडलला इंचभर मोकळी चाल ठेवा आणि मागचा दिवा लागतो ना ते पाहा.

फुटरेस्टला रबरच ठेवा. नुसत्या लोखंडावर खानापूरकडच्या पावसात बूट टिकत नाही.

पहिली फेरी हायवेवर काढू नका. मी येळ्ळूरला राजहंसगडाच्या चढावर नेतो. चढताना दर वळणावर गिअर खाली घ्यावा लागतो आणि उतरताना ब्रेक सतत लागतो, त्यामुळे डावा आणि उजवा दोन्ही पाय एकाच फेरीत तपासून होतात. गडावर पोचल्यावर गाडी बंद करून मुद्दाम पाच वेळा किक मारा. घरी आल्यावर प्रत्येक नटावर आणि पट्टीवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. शंभर किलोमीटरनंतर ती रेघ तुटलेली दिसली तर तो नायलॉक नट फेकून द्या आणि नवा लावा.