चालू विमानतळावर पाडकाम घेताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेकडच्या पाडकामवाल्यांचा हात एरवी कुणी धरत नाही. साखर कारखान्याचं जुनं गोडाऊन असो, कुपवाड एमआयडीसीतली शेड असो की गावभागातला पडका वाडा, बघता बघता जागा मोकळी. त्यामुळं पुण्याहून नाहीतर कोल्हापूरहून फोन आला, "विमानतळावर एक जुनी शेड आणि थोडं काँक्रीट काढायचंय, येताय का?" की आपला माणूस जाऊन जागा बघतो, मापं घेतो, किती ब्रास राडारोडा निघेल याचा अंदाज बांधतो, भंगाराचे पैसे वजा करतो आणि गाडीत बसता बसताच रेट सांगून मोकळा होतो. पहिली चूक ती. पुढच्या बहुतेक चुका तिच्याच पोटातून निघतात.

चालू विमानतळाच्या कामात पाडण्याचा खर्च हा सगळ्यात लहान आकडा असतो. मोठे आकडे ताटकळण्याचे, आत-बाहेर करण्याचे आणि झाडण्याचे. समजा, रात्री साडेबारा ते साडेचार काम करायची परवानगी आहे. गेटवर माणसं आणि मशीन तपासून, वाट दाखवणाऱ्या विमानतळाच्या गाडीमागून कामाच्या जागी पोचेपर्यंत पाऊण तास जातो. शेवटचा तासभर राडारोडा उचलणं, झाडणं आणि तपासणीत जातो. काँक्रीट फोडणारा ब्रेकर खऱ्या अर्थानं चालतो तो दोन-सव्वादोन तास. पोकलेनचं भाडं, ऑपरेटरचा पगार आणि डंपर मात्र अख्ख्या रात्रीचे. त्यात पाऊस आला किंवा एखादं उशिराचं विमान उतरायचं राहिलं, तर ती रात्रही गेली. मिरज जंक्शनवर रेल्वेच्या ब्लॉकमध्ये काम केलेल्यांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी रेट देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: रद्द झालेल्या रात्रीचे पैसे कोण देणार? हे वर्क ऑर्डरमध्ये लेखी येत नसेल, तर काम कितीही नावाजलेलं असो, सोडून द्यावं असं माझं मत आहे.

घड्याळाचा घोळ

धावपट्टी किंवा टॅक्सी-वे (विमानाचा धावपट्टीपर्यंतचा रस्ता) कधी बंद राहणार, हे वैमानिकांना नोटॅम नावाची लेखी सूचना काढून आगाऊ कळवतात. त्यातल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढं. म्हणजे नोटॅममध्ये '१४ तारीख, १९०० ते २३००' असं असेल, तर आपल्याकडे ती १५ तारखेची मध्यरात्र उलटून साडेबारा ते पहाटे साडेचार ही वेळ झाली. कागद नीट न वाचणारा एक तर १४ तारखेला संध्याकाळी सातला गँग घेऊन गेटवर उभा राहतो, नाहीतर १५ च्या रात्री येतो, तोवर त्याची वेळ संपून अठरा-वीस तास झालेले असतात. मुकादमाच्या व्हॉट्सअॅपवर नोटॅमचा फोटो टाकू नका. आपल्या वेळेत, वारासकट लिहून पाठवा: "शुक्रवारी रात्री जेवून निघायचं, शनिवार उजाडायच्या आत बाहेर."

माणूस मोजण्याआधी पास मोजा

विमानतळाच्या आतल्या भागात बिगाऱ्यालाही पास लागतो आणि त्यासाठी पोलीस पडताळणी होते. जत, आटपाडी, माण, खटाव इकडची पोरं असतील, तर पडताळणी त्यांच्या गावच्या पोलीस ठाण्यातून येणार. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, असं निघालं की कागद परत. वर ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पास निघालेली निम्मी गँग कोयता घेऊन फडात गेलेली असते. लागतील त्याच्या दीडपट माणसांचे कागद पहिल्याच दिवशी द्या. गाडीला आतलं वेगळं परमिट लागतं, ड्रायव्हरलाही वेगळं लागतं. आपला लायसन्सवाला कसलेला ड्रायव्हर आत चालत नाही, हे पुष्कळांना गेटवर गेल्यावरच कळतं.

हत्यारांचंही तेच. आत नेताना यादी होते, बाहेर येताना त्याच यादीवर टिकमार्क. बारा छिन्न्या आत आणि अकरा बाहेर, असं झालं तर बारावी सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. आणि ते बरोबरच आहे.

चाकातला खडा

राडारोड्याचा बारीक तुकडा विमानाच्या वाटेत पडू देणं, ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि आपल्या लोकांच्या गळी उतरवायला सगळ्यात अवघडही हीच.

२५ जुलै २००० रोजी पॅरिसहून निघालेलं काँकॉर्ड विमान धावपट्टीवर पडलेल्या एका धातूच्या पट्टीवरून गेलं. पट्टी दुसऱ्या विमानातून गळून पडलेली, लांबी साधारण ४३ सेंटिमीटर. टायर फुटला, त्याचा तुकडा पंखाखालच्या इंधनटाकीवर आदळला, आग लागली. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. आपल्या शेडमधल्या एका लोखंडी पट्टीहून तो तुकडा मोठा नव्हता. आपण तर रात्रभर सळया, खिळे, जे-हुक (पत्रे बसवायचे वाकडे बोल्ट), पत्र्याच्या कात्रणी आणि बाइंडिंग वायरच्या ढिगात उभे असतो.

मोठा तुकडा सगळ्यांनाच दिसतो. घात होतो तो बारक्याचा. एका विमानतळावर पहाटे डंपर बाहेर काढताना म्हातारा मुकादम उकिडवा बसून मागच्या जोडचाकांच्या मधला भाग टॉर्चनं बघत होता. स्क्रूड्रायव्हरनं टायरच्या खाचेतून खडी उकरायची आणि डब्यात टाकायची. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "ओ अण्णा, खडं काय मोजत बसलाय? ट्रक हाय त्यो, उशीर व्हायलाय." अण्णांनी मान वर न करता जोडचाकांच्या फटीत हात घातला आणि मुठीएवढा काँक्रीटचा तुकडा ओढून काढला. त्यातून दोन बोटं लांबीची सळई बाहेर आलेली होती. तो टॅक्सी-वेवर सुटला असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता.

तेव्हा डंपर काठोकाठ भरू नका, वर ताडपत्री घट्ट बांधा. फाळक्याच्या फटीतून बारीक माल गळतो, तिथं आतून गोणपाट किंवा रबर लावा. कामाच्या जागेतून निघायच्या तोंडाला चाकं धुवायची नाहीतर झाडायची सोय हवी. साध्या खराट्यानं काँक्रीटवरची वायर निघत नाही, त्यासाठी चाकांवर फिरणारा लोहचुंबक लागतो. तो भाड्यानंही मिळतो. शेवटी सगळ्यांनी एका ओळीत, हाताच्या अंतरानं, खाली बघत चालायचं. गुटख्याच्या पुड्या, पाण्याचे पाऊच, सिमेंटच्या गोण्या हाही विमानाच्या दृष्टीनं राडारोडाच. इंजिनच्या झोतानं हलका माल कुठल्या कुठं जातो. आणि डब्यातलं उरलेलं जेवण कोपऱ्यात सांडलं तर सकाळी घारी, कावळे हजर. पक्षी आले की विमानतळवाले तुमचं काम थांबवणारच.

"ती केबल बंदच आहे"

जुन्या नकाशावर एक केबल असते, जमिनीखाली तीन निघतात. तिथं आपला इलेक्ट्रिशियन टेस्टर लावतो, दिवा लागत नाही, आणि तो म्हणतो, "चालवा ब्रेकर." दिवसा धावपट्टीचे दिवे बंद असू शकतात, म्हणून त्या केबलमध्ये त्या वेळी काही नसतं. संध्याकाळी टॉवरनं दिवे लावले की ती जिवंत.

हे दिवे घरच्यासारखे जोडलेले नसतात. एकामागं एक अशी मालिका असते आणि सबस्टेशनातला रेग्युलेटर त्यातून ठरावीक करंट फिरवत ठेवतो, पूर्ण उजेडाला ६.६ अँपिअर. केबल मधेच तुटली की तो करंट टिकवण्यासाठी रेग्युलेटर व्होल्टेज चढवत जातो. तुटलेल्या टोकांवर हजारो व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा केबल 'बंद' म्हणजे सबस्टेशनात ती वेगळी करून, कुलूप लावून, विमानतळाच्या इलेक्ट्रिकल माणसानं लेखी दिलेली. आधी हातानं चर खोदून केबल उघडी करा, मग मशीन आणा.

तरीही तुटलीच तर? टेप लावून माती ढकलू नका. माणसं लांब करा, ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम आहे त्याला त्याच मिनिटाला सांगा, जागेवर खूण करा. केबल त्याच रात्री जोडून मिळू शकते. लपवलेली केबल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लावताना सापडते, मग दंडासोबत नावही काळ्या यादीत जातं.

बूमची उंची

विमानतळावर उंचीचा हिशेब इमारतीला लागतो तसा मशीनलाही लागतो. मोठ्या धावपट्टीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटरचा पट्टा मोकळा धरतात, आणि त्याच्या कडेपासून बाहेर साधारण ७ मीटरला १ मीटर असा चढता कल. पट्ट्याच्या कडेपासून ३५ मीटरवर उभे असाल तर मशीनला वर जायला मुभा पाचच मीटरची. वीस टनी पोकलेनचा बूम, म्हणजे लांब हात, पूर्ण उभा केला तर नऊ मीटरपर्यंत जातो. शेड पाच मीटरची आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्याला हे सुचत नाही. क्रेन लागणार असेल तर परवानगीच्या अर्जात तिची पूर्ण उंची द्या. रात्री टोकाला लाल दिवा आणि काम नसेल तेव्हा बूम खाली, हे ऑपरेटरला गेटच्या आत जाण्याआधीच सांगून ठेवा.

बंद म्हणजे दिसायलाही बंद

३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री तैवानच्या तैपेई विमानतळावर वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सचं विमान चुकून दुरुस्तीसाठी बंद असलेल्या शेजारच्या धावपट्टीवर वळलं आणि उड्डाणाच्या वेगात तिथल्या काँक्रीटच्या अडथळ्यांवर आणि मशीनवर आदळलं. १७९ पैकी ८३ जण गेले. वैमानिकांची चूक होतीच, पण ती धावपट्टी ज्या टोकाकडून ते शिरले तिथं बंद असल्याच्या खुणा आणि अडथळे नव्हते, हेही चौकशीत पुढं आलं. म्हणून बॅरिकेड एक फूटभर इकडं-तिकडं सरकवलं, दिव्याची बॅटरी उतरली, असल्या गोष्टी बिगाऱ्यावर सोपवू नका. त्यासाठी एक माणूस रात्रभर वेगळा ठेवा. मशीन वळवायला अडचण होते म्हणून कुणी खूण हलवली, तर काम तिथंच थांबवा.

टर्मिनलच्या आत

आतल्या पाडकामात पार्टिशन सीलिंगपर्यंत घेतात आणि सीलिंगच्या वरची पोकळी तशीच सोडतात. धूळ तिथून पलीकडं जाऊन चेक-इन काउंटरवर बसते. पार्टिशन वरच्या स्लॅबपर्यंत न्या, त्या भागातली एसीच्या परतीच्या हवेची झडप बंद करा. धुळीनं अलार्म वाजू नये म्हणून धुराचे सेन्सर झाकतात, तेव्हा झाकलेल्यांची यादी लिहून घ्या आणि शिफ्ट संपताना एकेक उघडून खूण करा.

गॅस कटरबद्दल तर कुणाचं काही ऐकूच नका. ११ एप्रिल १९९६ ला जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावर टर्मिनलबाहेरच्या उंच रस्त्याच्या सांध्यावर वेल्डिंग चालू होतं. ठिणग्या खालच्या छतातल्या थर्मोकोलसारख्या इन्सुलेशनवर पडल्या आणि धूर टर्मिनलमध्ये पसरून १७ माणसं गेली. कटिंग संपल्यावर किमान तासभर, खालच्या मजल्यावरही, बादली-एक्स्टिंग्विशर घेऊन माणूस बसलेला हवा. शक्य असेल तिथं कटर नकोच, बोल्ट सोडवा.

जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडून खाली टाकू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असतं. ओले करून अख्खे उतरवा. पत्रे एकाच बाजूचे काढत गेलात तर ट्रस (छताचा सांगाडा) पिळतो, हे शेडवाल्यांना सांगायला नको.

पहाटे चारला मशीन बसलं तर

धावपट्टीजवळचं काँक्रीट जेवढं त्याच रात्री भरून परत देता येईल तेवढंच फोडा. आणखी दोन फूट ओढायचा मोह होतोच. हायड्रॉलिक पाइप नेमका शेवटच्या तासात फुटतो. जादा पाइप, ओढून बाजूला करायला दुसरं मशीन, सांडलेल्या तेलावर टाकायला भुसा हे गेटच्या आतच हवं, कारण मिस्त्री बाहेरून येईपर्यंत उजाडलेलं असतं. वेळ कमी पडतेय असं तीन वाजता वाटलं तर तीनलाच सांगा. अर्ध्या तासाची मुदत त्या वेळी मागता येते. सव्वाचारला मागाल तर पहिलं विमान आकाशात असतं.

राहता राहिलं भंगार. रेटमधून आपण ते वजा केलेलं असतं, पण बाहेर काढायला वेगळा गेटपास, वजनपावती आणि अधिकाऱ्याची सही लागते. सांगलीचा भंगारवाला ट्रक घेऊन रात्री दारात येऊन उभा राहिला तरी त्याला कुणी आत घेत नाही. माल कुठल्या दिवशी, कुणाच्या सहीनं, कुठल्या गेटनं बाहेर पडणार हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या आणि तोवर तो साठवायची जागा कुंपणाच्या आतच मागून घ्या.