स्पेस गेममधली मोहीम रसदीवर कशी बसवायची

आमचा लातूरचा ग्रुप रविवारी रात्री सायफाय रोलप्लेइंग खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घ्यायचं अन् गोष्ट खेळायची; मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा. आधी आमच्या गेममधी ताफा पाहिजे तिथं पोचायचा, दारूगोळा संपायचाच नाही, मग लढाई कितीबी मोठी असली तरी कुणाला धाकधूकच वाटायची नाही. रसद आणली अन् गेम पार बदलला.

आधी माणसं मोजा. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे ५०० सैनिकांना रोज ४२० किलो, ६० दिवसांची मोहीम धरली तर नुसता ऑक्सिजनच २५ टन, अन्न-इंधन अजून धरलंच नाही. पाणी फिरवून वापरता येतं, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकानं २०२३ मधी ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलं. पण लढाईत ते मशीनच फुटलं तर? हे आधीच ठरवून ठेवा.

मग वाट आखा, खरी मजा इथंच हाय. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, ५० वॅगनची गाडी असली की २५ लाख लिटर, अन् सगळं शहर त्या एका रुळाकडं डोळे लावून बसलेलं. तसा एक रूळ तुमच्या नकाशावर पाहिजेच, बर्फ वितळवणारा चंद्र म्हणा, इंधनाचा डेपो म्हणा. "अजून टाक्या लावू" असं खेळाडू म्हणणारच, तेव्हा सांगा की इंधन उचलून न्यायलाबी इंधनच जळतं. अन् वेळेचं बंधन घाला, पृथ्वीवरून मंगळाकडं निघायची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी येते, ती हुकली की कुमक विसरा.

कधीकधी रसद आतूनच दगा देते. १२९६ ला अलाउद्दीन खिलजीनं देवगिरीला वेढा घातला तेव्हा गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं असं सांगतात. हे गेममधी वापराच, फक्त पेट्या २० व्या दिवशी उघडायला लावा, पहिल्या नाही.

रसदीचे उरलेले दिवस एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलाच्या मधोमध ठेवा अन् प्रत्येक मुक्कामाला आकडा खोडत जा. आमच्याकडं आकडा ९ वर आला तेव्हा पोरांनी शत्रूच्या ताफ्याचा नादच सोडला अन् रातोरात त्याच्या डेपोवर चालून गेले.