पेल्टिअरने थंड होणारा प्रोसेसर: तापमान आटोक्यात कसं ठेवायचं

पेल्टिअर मॉड्यूल (वीज दिली की एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला ढकलणारा चपटा तुकडा) प्रोसेसरवर बसवणं सोपं. अवघड काम त्याला आवरण्याचं. थेट १२ व्होल्ट देऊन ठेवलं, तर संगणक निवांत असताना त्याची थंड बाजू गारठते आणि सॉकेटभोवती पाणी सुटतं. मॉड्यूल चालू-बंद करणारा थर्मोस्टॅटही कामाचा नाही. बंद असताना गरम बाजूची उष्णता उलटी प्रोसेसरकडे येते आणि सततच्या गरम-थंड होण्याने आतल्या सोल्डरच्या जोडांना तडे जातात. करंट हळूहळू कमी-जास्त करणारा कंट्रोलरच हवा.

खालचे आकडे ९० वॅटपर्यंत उष्णता टाकणाऱ्या प्रोसेसरसाठी आणि २५ अंशांच्या खोलीसाठी आहेत.

मॉड्यूल टीईसी१-१२७१५ जातीची, ४० मिमी चौरस, दोन घ्या. डेटाशीटवरची १३० वॅटच्या आसपासची क्षमता दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असतानाची असते, तिच्यावर जाऊ नका. थंड बाजू १८ आणि गरम बाजू ४५ अंश धरली, तर ७ अँपिअरला एक मॉड्यूल साधारण ५० वॅट उचलतं आणि स्वतः ४८ वॅट खातं. करंट १२ अँपिअर केला तर उचल ८८ वॅटपर्यंत जाते, खाणं मात्र १३० वर. म्हणून एक मॉड्यूल पिळण्यापेक्षा दोन निम्म्या जोरावर चालवणं केव्हाही परवडतं. तरीही गरम बाजूला एकूण २०० वॅटच्या जवळपास उष्णता येते. ती २० अंशांच्या फरकात बाहेर टाकायची म्हणजे वॉटर ब्लॉक आणि ३६० मिमीचा रेडिएटर लागतो. इथे काटकसर केली, तर पुढचा कुठलाही कंट्रोलर उपयोगाचा नाही.

प्रोसेसर आणि मॉड्यूल यांच्यामध्ये ८० × ४० × ६ मिमीची सपाट तांब्याची प्लेट ठेवा. तिच्या बाजूने २ मिमीचं छिद्र प्रोसेसरच्या मध्यापर्यंत पाडून त्यात थर्मल पेस्टसह १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापताना रोध कमी होणारा सेन्सर) बसवा. डीएस१८बी२० हा डिजिटल तापमान सेन्सर सोयीचा असला तरी पूर्ण अचूकतेला एका वाचनाला पाऊण सेकंद घेतो. ही प्लेट एक अंश तापायला साधारण ६६ ज्यूल लागतात. ९० वॅटचा भार अचानक आला तर ती सेकंदाला एक अंशाहून जास्त चढते. कंट्रोलरला प्रोसेसरच्या कोअरचं तापमान मात्र देऊ नका. ते क्षणात वीस-तीस अंश उड्या मारतं आणि करंट त्याच्यामागे धावत राहतो.

आता ड्रायव्हर. मॉड्यूलला कच्चा पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद होणारी वीज) देऊ नये. थंडावा सरासरी करंटप्रमाणे मिळतो, पण आतली उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्यामुळे ५० टक्के पीडब्ल्यूएमवर तेवढ्याच सरासरीच्या सपाट करंटपेक्षा दुप्पट उष्णता तयार होते. करंट गाळून घ्या. दोन्ही मॉड्यूल समांतर जोडून त्यांची लाल टोकं १२ व्होल्टला लावा. काळी टोकं ३३ मायक्रोहेन्रीच्या, २० अँपिअरलाही सॅच्युरेट न होणाऱ्या कॉइलला आणि कॉइलचं दुसरं टोक मॉसफेटच्या (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच; ड्रेन, सोर्स आणि गेट ही त्याची टोकं) ड्रेनला जोडा. सोर्स ग्राउंडला. ड्रेनपासून १२ व्होल्टकडे २० अँपिअरचा शॉट्की डायोड, हीटसिंकसह; मॉड्यूलला समांतर ४७० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर. कंट्रोलर म्हणून लावलेल्या आर्डुइनो नॅनो बोर्डाचा टायमर-१ ८ बिटला ६२.५ किलोहर्ट्झचा पीडब्ल्यूएम देतो, तेवढं पुरतं. मॉसफेटला गेट ड्रायव्हर लावाच आणि गेटवर १० किलोओहमचा पुल-डाउन (गेटला ग्राउंडकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर). एकूण करंट मोजायला ३० अँपिअरचा एसीएस७१२ सेन्सर चालेल. मदरबोर्डच्या फॅन हेडरवरून मॉड्यूल चालवायचा मोह आवरा. तो हेडर साधारण एका अँपिअरचा असतो.

तापमान किती ठेवायचं, हे हवा ठरवते. सॉकेटजवळ, पण पंख्याच्या गरम झोतापासून दूर, एसएचटी३१ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर लावा आणि दर मिनिटाला दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन सुटते) काढा; ता म्हणजे हवेचं तापमान:

ग = ln(आर्द्रता ÷ १००) + १७.६२ × ता ÷ (२४३.१२ + ता)
दवबिंदू = २४३.१२ × ग ÷ (१७.६२ − ग)

प्लेटचं लक्ष्य दवबिंदूपेक्षा ३ अंश वर ठेवा. २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १६.७, म्हणजे लक्ष्य २० च्या आसपास. ३२ अंश आणि ८० टक्क्यांना तो २८ वर जातो. अशा हवेत पेल्टिअरचा फायदा जवळपास संपतो, हे आधीच समजून घ्या. इंटेलने २०२० मध्ये दहाव्या पिढीसाठी आणलेल्या क्रायो कूलिंगमध्येही आर्द्रतेचा सेन्सर याच कारणासाठी होता.

करंटला दोन्हीकडून कुंपण हवं. खालची मर्यादा एकूण २ अँपिअर. शून्यावर मॉड्यूल निव्वळ अडथळा बनतं आणि ९० वॅट पलीकडे ढकलायला ३५ अंशांचा फरक लागतो. वरची मर्यादा जास्त महत्त्वाची आहे. एका ठरावीक करंटनंतर प्लेट थंड होण्याऐवजी तापू लागते. तिथे कंट्रोलर फसतो: प्लेट गरम दिसली म्हणून तो करंट वाढवतो, त्याने ती आणखी तापते आणि शेवटी सगळं कमाल करंटवर अडकून बसतं. हा बिंदू प्रोसेसर लावण्याआधीच शोधा. प्लेटवर ४.७ ओहम, ५० वॅटचे तीन धातूच्या आवरणातले रेझिस्टर समांतर जोडून १२ व्होल्ट द्या. ९२ वॅटचा भार मिळतो. आधी २ अँपिअर देऊन कोणती बाजू गार होते ते हाताने तपासा. मग एकेक अँपिअर वाढवा, दर वेळी पाच मिनिटं थांबून तापमान टिपा. जिथे घट थांबते त्याच्या ८० टक्क्यांवर मर्यादा बांधा, आणि ती १४ अँपिअरच्या पुढे नेऊ नका.

पीआय (लक्ष्यापासूनचा फरक आणि त्या फरकाची साचलेली बेरीज यांवरून करंट ठरवणारी पद्धत) पुरे, डी (फरक किती वेगाने बदलतो ते पाहणारा भाग) लावू नका. थर्मिस्टरचा गोंगाट त्याने वाढतो. लूप ०.२ सेकंदाचा, सुरुवातीला पी दर अंशाला १ अँपिअर आणि आय दर अंश-सेकंदाला ०.०५ अँपिअर. करंट कुठल्याही मर्यादेला टेकला, की बेरीज तिथेच गोठवा. नाहीतर मोठा भार उतरल्यावर करंट वरच राहतो आणि प्लेट दवबिंदूखाली घसरते. तापमान वर-खाली हेलकावत राहिलं तर आधी आय निम्मा करा.

उरलं बिघाडाचं. थर्मिस्टरची तार तुटली तर वाचन अतिथंड येतं, शॉर्ट झाली तर अतिगरम; ० ते ८० अंशांबाहेरचं वाचन दिसताच करंट खालच्या मर्यादेवर आणून संगणक बंद करायला लावा. वॉचडॉग टायमर (प्रोग्राम अडकला तर कंट्रोलर पुन्हा सुरू करणारा) चालू ठेवा. पंप बंद पडला तर गरम बाजू झपाट्याने चढते आणि साध्या मॉड्यूलची सोल्डर १३८ अंशांना वितळते, म्हणून गरम ब्लॉकवर ६५ अंशांचा बायमेटल स्विच (तापल्यावर आपोआप उघडणारा) लावून त्याने थेट गेट ड्रायव्हरचा पुरवठा तोडा. मॉड्यूलची वीज संगणकाच्याच पॉवर सप्लायवरून घ्या, म्हणजे संगणक बंद असताना प्लेट गारठत बसणार नाही.