वेल्शमधून पदवी घ्यायची? आधी क्रेडिट मोजा

मुलं वेल्समध्ये वेल्श माध्यमाच्या शाळेत शिकली आणि पुढे त्याच भाषेत पदवी घ्यायची म्हणतात, तर विद्यापीठाचं नाव ठरवण्याआधी मॉड्यूलची (पदवीतल्या एकेका विषयघटकाची) यादी मागवा. ‘हा कोर्स वेल्शमधून उपलब्ध’ हे वाक्य फार सैलपणे वापरलं जातं. कुठे सगळी पदवी वेल्शमधून होते, तर कुठे वर्षाला जेमतेम दोन मॉड्यूल.

हिशेब सोपा आहे. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप: पूर्णवेळ वर्षाचे १२० क्रेडिट, तीन वर्षांच्या ऑनर्स पदवीचे ३६०. मॉड्यूल बहुधा १०, २० किंवा ४० क्रेडिटचं असतं. प्रत्येक वर्षाचा कागद वेगळा घ्या, वेल्श मॉड्यूलवर खूण करा आणि बेरीज करा. पहिल्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी २० असा उतार बऱ्याचदा दिसतो. तिसऱ्या वर्षाचा प्रबंध वेल्शमध्ये लिहिता येईल का आणि वेल्श बोलणारा मार्गदर्शक मिळेल का, हे विभागाला आधीच ईमेलने विचारा. तोंडी उत्तरावर राहू नका.

वेल्श मॉड्यूल बहुधा एकाच प्राध्यापकावर उभं असतं. २०११ मध्ये स्थापन झालेलं ‘कोलेग कम्राइग केनेडलाइथॉल’ (वेल्शमधून उच्च शिक्षणासाठीची राष्ट्रीय संस्था, थोडक्यात कोलेग) स्वतः पदव्या देत नाही. ते विद्यापीठांना वेल्शमधून शिकवण्याच्या पदांसाठी अनुदान देतं. असं पद रिकामं झालं, प्राध्यापक रजेवर गेले किंवा विद्यार्थी फारच कमी आले की ऐच्छिक मॉड्यूल त्या वर्षी बंद. म्हणून ‘गेल्या दोन वर्षांत हे मॉड्यूल खरंच चाललं का?’ हा प्रश्न नक्की विचारा. व्याख्यान इंग्रजीत आणि फक्त चर्चावर्ग वेल्शमध्ये असेल, तर त्याचे किती क्रेडिट वेल्शचे धरतात, तेही विचारा.

पैशांचं. फी आणि स्टुडंट फायनान्स वेल्सचं (वेल्समधल्या सरकारी विद्यार्थी अर्थसाहाय्याचं) कर्ज यांत शिक्षणाच्या भाषेने फरक पडत नाही. फरक पडतो तो कोलेगच्या शिष्यवृत्तीने. प्रोत्साहन शिष्यवृत्ती वर्षाला ५०० पौंड, तीन वर्षांचे १,५००. त्यासाठी दर वर्षी किमान ४० क्रेडिट वेल्शमधून हवेत आणि कोर्स कोलेगच्या यादीत हवा. अर्ज यूकॅसमधून (ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जव्यवस्थेतून) होत नाही, वेगळा करावा लागतो. नियम आणि मुदत त्या वर्षीच्या पानावरच पाहा. दुसऱ्या वर्षी एखादं वेल्श मॉड्यूल सोडून इंग्रजी घेतलं आणि बेरीज ४० च्या खाली गेली, की त्या वर्षाचा हप्ता धोक्यात येतो. बदल करण्याआधी कोलेगच्या शाखा अधिकाऱ्याशी बोला.

यूकॅसचं पर्सनल स्टेटमेंट (अर्जातलं स्वतःबद्दलचं निवेदन) वेल्शमध्ये लिहिता येतं, पण ते पाचही पर्यायांना तेच जातं. यादीत इंग्लंडमधलं ब्रिस्टल किंवा मँचेस्टर असेल, तर इंग्रजीतच लिहिलेलं बरं. वेल्श मुलाखत मात्र हक्काने मागा.

इंग्रजीत शिकवल्या जाणाऱ्या मॉड्यूलचा निबंध किंवा परीक्षा वेल्शमध्ये देण्याचा हक्क वेल्श भाषा मानकांमुळे (सार्वजनिक संस्थांनी वेल्श वापरण्याबाबतच्या कायदेशीर नियमांमुळे) मिळतो. एवढ्याने ते मॉड्यूल वेल्श माध्यमाचं ठरत नाही आणि शिष्यवृत्तीच्या क्रेडिटमध्येही धरलं जात नाही. ही गल्लत सगळ्यात जास्त होते. तपासनीस नेमायला वेळ लागतो, तेव्हा सत्राच्या सुरुवातीलाच कळवा.

घरी मराठी आणि शाळेत वेल्श अशा मुलांचं बोलणं चांगलं असतं, अडतं ते औपचारिक लेखनात, मुख्यतः शब्दाचं पहिलं अक्षर बदलण्याच्या नियमांत. बँगोर विद्यापीठाचं ‘कसिल’ हे तपासणीचं सॉफ्टवेअर अशा चुका दाखवतं. कोलेगचं भाषाकौशल्य प्रमाणपत्रही घ्या. त्यात लेखी आणि तोंडी दोन्ही भाग असतात, आणि नोकरीच्या अर्जात त्याचा उपयोग होतो.

राहण्याच्या अर्जात वेल्शभाषकांचं वसतिगृह मागा: ॲबरिस्टविथला पँटिकेलिन, बँगोरला जॉन मॉरिस-जोन्स. तिथे स्वयंपाकघरातही वेल्शच ऐकू येते.